गर्भातील फुप्फुसाचा स्लाइड-संच : वर्षभराच्या वापरानंतर

प्रिन्सेस स्ट्रीटवरील शास्त्रीय उपकरणांच्या एका जुन्या दुकानातून गेल्या वर्षी जूनमध्ये मी आमच्या विभागासाठी एक लाकडी पेटी विकत घेतली. तिच्यात उंदराच्या गर्भातील फुप्फुसाच्या २४ स्लाइड आहेत, सोबत १६ पानांची पुस्तिका आहे आणि कर धरून तिची किंमत ९,८०० रुपये पडली. मध्य मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी एकवीस वर्षे ऊतिशास्त्र आणि गर्भविज्ञान शिकवते आहे. ही पेटी आता प्रथम वर्षाच्या सगळ्या तुकड्यांच्या हातून गेली आहे, तिने मुंबईचा एक पावसाळा काढला आहे, आणि ती घ्यावी की न घ्यावी असे दोन ठिकाणच्या सहकाऱ्यांनी मला विचारलेही आहे. त्यांना फोनवर जे सांगितले ते अपुरे होते, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

पेटी घेण्यामागचे कारण आधी सांगते. आमच्याकडे गर्भातील फुप्फुसाच्या ज्या स्लाइड होत्या त्या सगळ्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या, म्हणजे गुलाबी आणि जांभळ्या. या रंजकात पेशींची केंद्रके उठून दिसतात, नलिकांच्या भिंती स्पष्ट दिसतात, आणि नलिकांच्या मधला भाग, म्हणजे मेसेन्काइम नावाची गर्भातील सैल ऊती, मात्र फिकट, रिकामा, काहीसा दुर्लक्षित दिसतो. विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत नलिकांच्या फांद्या मन लावून काढतात आणि मधली जागा पेन्सिलीच्या ठिपक्यांनी भरून टाकतात. त्या ठिपक्यांना काय म्हणायचे असे विचारले तर उत्तर येते, ‘मेसेन्काइम, म्हणजे भराव.’ वर्षानुवर्षे हे उत्तर ऐकताना मला वाईट वाटत आले आहे, कारण फुप्फुसाची नलिका कोठे फुटायची, कोठे थांबायचे आणि वायुकोशांची भिंत कोठून उभी राहायची, याचा मोठा भाग त्या ‘भरावा’तच ठरतो. पेशींनी स्वतःभोवती विणलेले पेशीबाह्य आधारद्रव्य, ज्याला वर्गात आपण एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतो, ते पेशींना नुसते धरून ठेवत नाही. ते त्यांना निरोप देते, निरोप अडवते आणि साठवूनही ठेवते. हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसावे एवढीच माझी या पेटीकडून अपेक्षा होती, आणि तिचे मूल्यमापनही मी याच एका अपेक्षेवर करणार आहे.

पेटीची रचना चांगली विचारपूर्वक केलेली आहे. गर्भधारणेचा १२वा, १४वा, १६वा आणि १८वा दिवस, जन्माचा दिवस आणि जन्मानंतरचा सातवा दिवस अशा सहा टप्प्यांवरील फुप्फुसे घेतली आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचे चार छेद, म्हणजे पातळ काप, चार वेगवेगळ्या पद्धतींनी रंगवले आहेत : हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, पीएएस (शर्करायुक्त द्रव्ये किरमिजी दाखवणारे रंजक), अल्शियन ब्लू, आणि वायगर्टच्या रेसॉर्सिन-फुक्सिनवर व्हॅन गीसन. उभ्या रांगेत वय वाढते आणि आडव्या रांगेत रंजक बदलते, त्यामुळे एकच वय चार नजरांनी किंवा एकच द्रव्य सहा वयांत पाहता येते. माझ्या माहितीतले बहुतेक संच वयाच्या क्रमावर थांबतात. आडवी रांग असलेला संच मी प्रथमच हाताळला, आणि दोष कितीही सांगितले तरी या एका कल्पनेसाठी ज्याने तो बनवला त्याचे मी मनापासून कौतुक करते.

अल्शियन ब्लूची रांग मी सर्वांत आधी दाखवते. १२व्या दिवसाच्या छेदात नलिकांची जेमतेम पहिली काही विभाजने झालेली असतात आणि त्यांच्याभोवतीचे सगळे मेसेन्काइम आकाशी निळ्या रंगाने भरलेले दिसते. तो निळा रंग म्हणजे हायलुरोनान आणि सल्फेटयुक्त शर्करा-साखळ्या. जन्माच्या जवळ येऊ तसा तो ओसरत जातो, मधली जागा अरुंद होते, आणि सातव्या दिवसाच्या छेदात तो रक्तवाहिन्या व मोठ्या श्वासनलिकांच्या आसपास उरतो. हायलुरोनान पाणी धरून ठेवते. सुरुवातीच्या फुप्फुसात पेशींना हलायला, सरकायला अशी पाणथळ, मोकळी जागा लागते, आणि पुढे हवा व रक्त यांच्यामधले अंतर कमी करायचे असते तेव्हा तीच जागा आटावी लागते. सहा स्लाइड एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या की हा बदल शब्दांशिवाय कळतो. जेथे छेद मोठ्या श्वासनलिकेतून गेला आहे तेथे कूर्चेचे अर्धवट कडे गडद निळे दिसते, त्यामुळे रंजक नीट लागले आहे की नाही याची खात्री त्याच स्लाइडवर होते. एक त्रुटी मात्र आहे. या रंजकाचा सामू (पीएच) २.५ ठेवला आहे, आणि त्या सामूला हायलुरोनान आणि सल्फेटयुक्त द्रव्ये दोन्ही रंगतात. सामू १ ची एखादी जोड-स्लाइड असती तर त्यांच्यातला फरक दाखवता आला असता.

हा फरक दाखवण्याचा माझा आग्रह उगीच नाही. सल्फेटयुक्त साखळ्यांपैकी हेपरान सल्फेट या एका द्रव्यावर फुप्फुसाच्या फांद्यांची मोठी भिस्त असते. नलिकेच्या टोकासमोरचे मेसेन्काइम एफजीएफ-१० नावाचे वाढप्रथिन सोडते आणि नलिकेचे टोक त्याच्या दिशेने वाढते. हे प्रथिन तयारच न करू शकणाऱ्या उंदरांत श्वासनाल, म्हणजे गळ्यातून उतरणारी मुख्य नळी, बनते, पण तिच्या पुढे फुप्फुसे उगवतच नाहीत. आता हे प्रथिन सगळीकडे पसरून गेले तर टोकाला दिशा कशी मिळणार? हेपरान सल्फेट त्याला धरून ठेवते, जवळच्या जवळ राखते. अश्रुग्रंथीवरच्या प्रयोगांत एफजीएफ-१० ची ही चिकटण्याची क्षमता कमी केली तेव्हा ते दूरवर पसरले आणि ग्रंथीच्या वाढीचा आकारच बदलला. म्हणजे निरोप तोच, पण आधारद्रव्याने तो किती घट्ट धरला यावर आकार ठरला. पुस्तिकेत अल्शियन ब्लूच्या रांगेपुढे फक्त ‘आम्ल शर्करा-द्रव्ये, आधार देण्याचे काम’ एवढेच छापले आहे. इतक्या सुंदर सहा स्लाइडपुढे एवढीच ओळ वाचून फार हळहळ वाटली.

पीएएसच्या रांगेबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. या रंजकाने नलिकेच्या अभिस्तराखालचे, म्हणजे आतल्या पेशींच्या थराखालचे, आधारपटल (आधारद्रव्याचा पातळ पडदा) किरमिजी रेषेसारखे दिसते, आणि ते दाखवण्यासाठीच ही रांग पेटीत आहे असे पुस्तिका सांगते. परंतु गर्भातील फुप्फुसाच्या अभिस्तरात ग्लायकोजन भरपूर साठलेले असते आणि तेही याच रंजकाने याच रंगात रंगते. १६व्या दिवसाच्या स्लाइडवर विद्यार्थ्याला काय दिसते, तर नलिकेच्या पेशी तळापासून किरमिजी डागांनी भरलेल्या, आणि त्यांच्या खाली असलेली बारीक रेषा त्या डागांत बुडालेली. पहिल्या तुकडीतील निम्म्या मुलांनी ते डागच आधारपटल म्हणून काढले. चूक त्यांची नव्हती. अशा वेळी ग्लायकोजन आधी पचवून टाकलेली जोड-स्लाइड द्यावी लागते, हा ऊतिशास्त्रातला जुना आणि साधा रिवाज आहे, आणि तो येथे पाळलेला नाही.

मी दुकानात फोन केला तेव्हा काउंटरवरच्या काकांनी, ‘मॅडम, तुम्हाला कोऱ्या काचा पाठवतो, रंग तुम्हीच करून बघा,’ असे म्हणून त्याच फुप्फुसाच्या मेणाच्या ठोकळ्यातले न रंगवलेले चार छेद दुसऱ्याच दिवशी माणसाबरोबर पाठवले, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी त्यांतल्या दोन छेदांवर गाळलेली लाळ ठेवली, अर्ध्या तासाने धुतली, आणि मग चारही छेदांना एकदमच पीएएस केले. लाळेतल्या अमायलेजने ग्लायकोजन पचले होते, पेशी जवळजवळ रंगहीन झाल्या होत्या, आणि त्यांच्याखाली एक अखंड, केसाएवढी किरमिजी रेषा प्रत्येक नलिकेला वळसा घालून गेलेली दिसत होती. मी ती स्लाइड पाहिली आणि मामांना पाहायला बोलावले. तीस वर्षे ते स्लाइड रंगवत आले आहेत, तरी बराच वेळ त्यांनी नेत्रिकेवरून डोळा काढला नाही.

त्याच स्लाइडवर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला या वर्षातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. ती म्हणाली, ‘मॅडम, ही रेष नलिकेची की बाहेरच्या भागाची?’ उत्तर असे की ती दोघांची आहे. आधारपटलातले लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन या प्रथिनांच्या जाळ्या एकमेकींशी बांधणारे निडोजेन मुख्यतः मेसेन्काइमच्या पेशी तयार करतात, लॅमिनिनमध्ये अभिस्तराचा मोठा वाटा असतो, आणि दोन्ही बाजूंचे द्रव्य एकत्र आल्याशिवाय ही रेष पुरी होत नाही. निडोजेनचे दोन्ही प्रकार नसलेली उंदरांची पिल्ले जन्माच्या सुमारास दगावतात, आणि त्यांच्या फुप्फुसांतील व हृदयातील आधारपटले सदोष असतात, इतर अनेक अवयवांतली मात्र बरीचशी ठीक असतात. लॅमिनिनची अल्फा-५ साखळी नसलेल्या उंदरांत तर फुप्फुसाचे खंडच नीट वेगळे होत नाहीत. उंदराच्या उजव्या फुप्फुसाला चार खंड असतात आणि डाव्याला एकच, हे पेटीतल्या १४व्या दिवसाच्या स्लाइडवर लहान भिंगाखाली मोजता येते, म्हणून हा दाखला मी तेथेच देते.

आधारपटल हे नलिकेभोवतीचे सगळीकडे सारखे वेष्टन आहे अशी समजूत पुस्तिकेतील आकृतीमुळे होते, आणि ती दुरुस्त करणे शिक्षकावर येते. वाढत्या टोकाशी ते पातळ असते, तेथे ते सतत झिजते आणि नव्याने विणले जाते. दोन फांद्यांच्या मधल्या खाचेत आणि नलिकेच्या मानेपाशी ते जाड होते आणि त्याच्या बाहेर तंतुमय कोलॅजन व फायब्रोनेक्टिन ही प्रथिने साचतात. म्हणजे पातळ जागी वाढ आणि जाड जागी थांबा. २००३ साली केनेथ यामादा यांच्या गटाने लाळग्रंथीच्या गर्भावस्थेतील खाचांत फायब्रोनेक्टिन आधी येते आणि त्याच्याशिवाय खाच पडत नाही हे दाखवले. फुप्फुसातही त्याची गरज असल्याचे त्यांच्याच कामात दिसले. लॅमिनिनविरुद्धची प्रतिपिंडे घालून वाढवलेल्या गर्भफुप्फुसांत फांद्या कमी फुटतात, हे त्याच्याही आधीपासून माहीत आहे. पेटीतल्या स्लाइडवर हा जाड-पातळ फरक तेलभिंगाखाली, तोही लाळेने पचवलेल्या छेदावरच, पुसटसा लक्षात येतो, आणि विद्यार्थ्यांना तो दिसेलच असे मी म्हणणार नाही.

दुकान याच पेटीसोबत लॅमिनिनच्या प्रतिपिंडाने रंगवलेल्या दोन स्लाइड वेगळ्या १,६०० रुपयांना देते. त्यांतली १४व्या दिवसाची स्लाइड अप्रतिम आहे. प्रत्येक नलिकेभोवती तपकिरी रेष आहे आणि मेसेन्काइमच्या मधोमध, नुकत्याच तयार होत असलेल्या केशवाहिन्यांभोवतीही बारीक तपकिरी वर्तुळे आहेत. दुसरी, १८व्या दिवसाची, सगळीच तपकिरी झाली आहे आणि उपयोगाची नाही. ती बदलून मागितली; बदली आली तीही तशीच. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. घ्यायची असल्यास १४व्या दिवसाची एकटीच मागावी.

आता पेटीतली सर्वांत मोठी उणीव. १६व्या दिवसानंतर एकदम १८वा दिवस आहे. उंदराची गर्भधारणा जेमतेम १९-२० दिवसांची. त्यांत १६ व्या दिवसापर्यंत फुप्फुस ग्रंथीसारखे दिसते, म्हणून त्या अवस्थेला स्यूडोग्लँड्युलर म्हणतात. साधारण साडेसोळा ते साडेसतरा दिवस ही कॅनालिक्युलर अवस्था, आणि नंतर सॅक्युलर, म्हणजे वायुपिशव्यांची. म्हणजे पेटीने कॅनालिक्युलर अवस्था जवळजवळ पूर्णपणे ओलांडली आहे. माणसात हीच अवस्था साधारण १६ ते २६ आठवड्यांत येते, आणि बाळ वेळेआधी जन्मले तर ते जगू शकेल की नाही याची सीमारेषा तिच्या अखेरच्या भागात असते. या काळात केशवाहिन्या नलिकांच्या भिंतींना येऊन भिडतात, मधले मेसेन्काइम विरळ होते, आणि ज्या ठिकाणी भिंत सर्वांत पातळ होते तेथे अभिस्तराचे आधारपटल आणि केशवाहिनीचे आधारपटल मिळून एकच होते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जन्मभर जो राहायचा तो येथे बनतो. आधारद्रव्य गर्भातल्या फुप्फुसात काय करते हे शिकवणाऱ्या पेटीत नेमका हाच दिवस नसावा, हे मला पटत नाही. आमच्या इमारतीच्या पलीकडच्या मजल्यावर नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग आहे. तेथे २६ आठवड्यांच्या बाळाला पाहून आलेला विद्यार्थी माझ्याकडे येऊन ‘याच्या फुप्फुसात आत्ता काय झालेले आहे’ असे विचारतो, तेव्हा दाखवायला माझ्या हाताशी पेटीतली एकही स्लाइड नसते.

पुस्तिकेतला तक्ता याच ठिकाणी चुकीचा आहे, आणि ही चूक नुसती निसटती नाही. त्यात उंदराच्या जन्माचा दिवस मानवी बाळाच्या पूर्ण दिवसांच्या जन्मासमोर मांडला आहे. प्रत्यक्षात उंदराचे पिल्लू सॅक्युलर अवस्थेत जन्मते आणि त्याचे वायुकोश चौथ्या-पाचव्या दिवसापासून बनू लागतात. माणसात सॅक्युलर अवस्था साधारण २४ ते ३६ आठवड्यांची, आणि वायुकोश बनायला गर्भातच, ३६ आठवड्यांच्या सुमारास, सुरुवात होते. म्हणून निरोगी उंदराचे नवजात फुप्फुस आपल्याकडच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसाशी जुळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वसनविकारांचा अभ्यास उंदरांवर करता येतो तो यामुळेच, आणि हे नीट सांगितले असते तर हा तक्ता पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे पान ठरला असता. आम्ही त्यावर कोरा कागद चिकटवून नवा तक्ता हाताने लिहिला आहे.

एवढे दोष मोजल्यावरही पेटी घ्यावी असे मी म्हणते, ते शेवटच्या उभ्या रांगेतील स्लाइडमुळे, आणि त्यांतही सातव्या दिवसाच्या रेसॉर्सिन-फुक्सिनच्या स्लाइडमुळे. लवचिक तंतू दाखवण्यासाठी व्हेरहॉफचे रंजक अधिक प्रचलित आहे, परंतु ते कोवळे, बारीक तंतू सोडून देते. येथे वायगर्टची पद्धत निवडली आहे हे ज्याने केले त्याला गर्भातील फुप्फुस ठाऊक होते. १४व्या दिवशी जांभळट-काळा रंग फक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींत पुसटसा दिसतो. १८व्या दिवशी तो वायुपिशव्यांच्या भिंतींत, तुटक रेघोट्यांसारखा, येऊ लागतो. आणि सातव्या दिवसाच्या छेदात पिशव्यांच्या भिंतींतून आतल्या पोकळीत छोटे छोटे कंगोरे उगवलेले दिसतात, आणि प्रत्येक कंगोऱ्याच्या अगदी टोकावर एक काळा ठिपका असतो. कंगोरा लांब असो वा आखूड, ठिपका टोकालाच. हा ठिपका म्हणजे आडव्या छेदात कापले गेलेले इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे तंतू. हा छेद दाखवून मी विद्यार्थ्यांना प्रथम एवढेच सांगते की काळे ठिपके शोधा आणि ते कोठे आहेत ते लिहा, आणि वर्ग स्वतःच या नियमापर्यंत पोचतो.

हे कंगोरे म्हणजे पुढच्या वायुकोशांच्या भिंती. मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तेथे इलॅस्टिन सोडतात, लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्याच्या कणांचे एकमेकांशी पक्के टाके घालते, आणि त्या तंतूभोवती भिंत वर उचलली जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात इलॅस्टिनच नसलेल्या उंदरांची फुप्फुसे तपासली गेली. त्यांत टोकाच्या वायुनलिका संख्येने कमी होत्या, पिशव्या फुगलेल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या भिंती विरळ होत्या. वायुकोश बनण्याचा काळ पुढे असला तरी बिघाड त्याच्या आधीच, जन्माच्या सुमारास, दिसत होता. म्हणून इलॅस्टिन ही फक्त वायुकोशांच्या भिंतींची सामग्री आहे असे म्हणता येत नाही; गर्भातल्या शेवटच्या नलिकांच्या आकारातही त्याचा हात आहे. लायसिल ऑक्सिडेज नसलेली उंदरेही जन्माच्या सुमारास मरतात आणि त्यांच्या फुप्फुसांत तंतू विस्कटलेले असतात. तंतू असणे पुरेसे नाही, ते बांधलेलेही असावे लागतात. फुप्फुसातले इलॅस्टिन एकदा घातले की बहुतांशी आयुष्यभर तेच पुरते, हे मी या स्लाइडसमोरच सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दीर्घकाळ कृत्रिम श्वास आणि प्राणवायू दिल्यावर होणाऱ्या ज्या फुप्फुसविकाराचे वर्णन क्ष-किरणतज्ज्ञ नॉर्थवे यांनी १९६७ साली केले, त्यात इलॅस्टिन कमी असते असे नाही. ते भरपूर असते, पण कंगोऱ्याच्या टोकावर न राहता भिंतीभर विखुरलेले असते. टोकावरचा ठिपका पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य एका दमात समजते. न पाहिलेल्याला मी ते अनेक वर्षे समजावत आले आहे.

स्लाइड कितीही चांगली असली तरी ती आधारद्रव्य कोठे आहे एवढेच दाखवते, ते काय करते हे दाखवत नाही. त्यासाठी प्रयोग सांगावे लागतात, आणि पुस्तिकेत एकही प्रयोग नाही. निदान १९६२ सालचा अलेसिओ आणि कॅसिनी यांचा तरी हवा होता. त्यांनी उंदराच्या गर्भातील श्वासनालेच्या अभिस्तरावर फुप्फुसातल्या श्वासनलिकेभोवतीचे मेसेन्काइम नेऊन ठेवले आणि जेथे कधी फांदी फुटत नाही तेथे श्वासनालेला फांदी फुटली. उलट श्वासनालेभोवतीचे मेसेन्काइम श्वासनलिकेच्या टोकावर ठेवले तर फुटणे थांबते, हेही पुढे दिसले. हा प्रयोग मी फळ्यावर दोन चौकटींत काढते आणि विद्यार्थ्यांना विचारते की आता सांगा, भराव कोणता?

तसेच ताणाविषयीही पुस्तिका गप्प आहे. गर्भातले फुप्फुस हवेने नव्हे, स्वतःच स्रवलेल्या द्रवाने भरलेले असते, आणि गर्भ श्वासासारख्या हालचालीही करत असतो. १९७७ साली मेंढीच्या गर्भांवर दाखवले गेले की श्वासनाल बांधून द्रव कोंडला तर फुप्फुस वाढते आणि तो सतत काढून घेतला तर ते खुरटते. गर्भजल फार कमी असलेल्या बाळांची फुप्फुसे लहान राहतात ती याच नात्याने. पेशी हा ताण ज्या हातांनी धरतात ते हात, म्हणजे इंटिग्रिन प्रथिने, एका टोकाला पेशीच्या आतल्या सांगाड्याला आणि दुसऱ्या टोकाला आधारद्रव्याला घट्ट पकडून असतात. अल्फा-३ इंटिग्रिन नसलेल्या उंदरांत फुप्फुसाच्या फांद्या कमी पडतात. पेटीतल्या फुप्फुसांत हा ताण दिसणे शक्यच नाही, कारण १८व्या दिवसाची आणि जन्माच्या दिवसाची फुप्फुसे फुगवून न घेताच फॉर्मेलिनमध्ये टाकलेली आहेत. पिशव्या मिटलेल्या आहेत आणि भिंती आहेत त्याहून जाड भासतात. सातव्या दिवसाचे फुप्फुस मात्र नीट फुगवलेले आहे. हा फरक कोठे सांगितलेला नाही, त्यामुळे जन्मानंतर आठवड्यात भिंती इतक्या पातळ होतात असा अर्धवट खोटा निष्कर्ष विद्यार्थी काढतात.

छेदांची जाडी एकसारखी आहे, ५ मायक्रॉनच्या आसपास असावी. आच्छादन काचा डीपीएक्स या चिकट द्रव्याने बसवल्या आहेत आणि दोनच स्लाइडमध्ये कडेला हवेचे बुडबुडे आहेत, मधला भाग स्वच्छ आहे. पेटीचे लाकूड जुलैत फुगले आणि झाकण बसेना. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर ऑगस्टमध्ये ठीक झाले. स्लाइडवरील कागदी लेबले दमट हवेत सुटली, म्हणून मामांनी सगळ्यांवर हिऱ्याच्या पेन्सिलीने क्रमांक कोरले. जो कोणी ही पेटी घेईल त्याने पहिल्याच दिवशी हे करावे, नाहीतर वय आणि रंजक यांचा मेळ पुन्हा बसवताना नाकी नऊ येतील. पीएएसचा रंग उजेडात ठेवलेल्या दोन स्लाइडवर किंचित फिका झाला आहे, बाकी रंग जसेच्या तसे आहेत. मरीन लाइन्सहून दादरला लोकलने पेटी आणताना एक स्लाइड तडकली होती. दुकानाने ती काहीही न विचारता बदलून दिली.

ज्या महाविद्यालयात गर्भविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला वेगळा वेळ आहे आणि स्लाइडसमोर उभे राहून बोलणारा शिक्षक आहे, त्याने ही पेटी निश्चिंतपणे घ्यावी. जेथे पेटी आणि पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हातात देऊन शिक्षक निघून जातात तेथे मात्र ती घेऊ नये, कारण पीएएसच्या रांगेने आणि चुकीच्या तक्त्याने ती त्यांची दिशाभूल करील. माझ्याकडून पुढच्या पेटीची मागणी लेखी गेली आहे : साडेसोळा आणि साडेसतरा या दिवसांचे छेद, पीएएसच्या प्रत्येक स्लाइडला ग्लायकोजन पचवलेली जोड, जन्माच्या दिवसाचे फुगवून घेतलेले फुप्फुस, आणि दुरुस्त तक्ता. तक्त्याचा मजकूर मी लिहून दिला आहे. दुकानातल्या काकांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे आणि साडेसतराव्या दिवसाचा पहिला नमुना-छेद आधी मला दाखवायला आणतो असे सांगितले आहे.